मी हाय तवर

मासे घ्यायला आलेल्या बाईला मावशी आधी मासा दाखवत नसे, आधी हात मागायची. "हात दे गो." हात पुढे केला की आपल्या दोन्ही पंजांत घट्ट धरून बसायची. पंजे असे गार की नवखी बाई हात मागेच घ्यायची. जुन्या गिऱ्हाइकांना सवय होती. माझ्या आईसारख्या काहीजणी तर रिक्षातून उतरल्या की बाजाराच्या दारातच हात एकमेकांवर चोळून गरम करून घ्यायच्या आणि मग तिच्यापुढे जायच्या. "तुजा हात ऊन हाय," असं म्हणून ती पाटीवरचं फडकं बाजूला करायची. ज्यांचे हात गार निघत त्यांना म्हणायची, "तू पन माज्यासारखीच हायस. जा, सुकट घेऊन जा."

पनवेलच्या मासळी बाजारात तिला सगळे जिताडेवाली म्हणत. आम्ही मावशी म्हणायचो. उरणच्या बाजूच्या कोळीवाड्यातून ती पहाटेच्या एसटीने यायची. पाट्या एसटीच्या टपावर चढवायच्या की आत घ्यायच्या यावरून कंडक्टरशी तिचं रोजचं भांडण असे, आणि भांडण संपलं की त्यालाच पान लावून द्यायची. खाडीच्या तोंडाशी मिळणारा जिताडा ही तिची खासियत. या भागात जावयाला जिताडा केला नाही तर जावई वर्षभर बोलून दाखवतो, त्यामुळे सणासुदीला तिचा रुबाब पाहण्यासारखा असायचा. जिताडा ती कधी बर्फात ठेवायची नाही, ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. "बर्फात ठेवला तो मेला," असं तिचं मत होतं. पण बोंबील, मांदेली, सुरमई असं बाकीचं म्हावरं टेम्पोतून बर्फात यायचं, आणि पहाटे त्या बर्फात हात घालून ते निवडावंच लागायचं. त्याला इलाज नव्हता.

आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते. बाबांचं ऑफिस बेलापूरला. बाबा पुण्याचे, ताटात मासा दिसला की खुर्ची मागे सरकवणारे. आई दादरची. माशाशिवायचा रविवार तिला सुतकासारखा वाटायचा. या दोघांच्या ओढाताणीत मी आईच्या बाजूने होते, त्यामुळे दर रविवारी पिशवी घेऊन तिच्याबरोबर बाजारात जाण्याचं काम माझ्याकडे आलं. मावशीची माझी ओळख ही अशी. मला ती पहिल्या दिवशी मुळीच आवडली नव्हती. फार मोठ्याने हसायची. हसताना तिचं सगळं तोंड उघडायचं, पार मागच्या दाढा दिसायच्या, त्यात एक सोन्याची होती. अख्खा विडा एका घासात आत जायचा आणि तो चघळत ती तीन गिऱ्हाइकांशी एकदम बोलायची. पुढे त्या हसण्यासाठी मी जीव टाकला असता, पण तेव्हा ते फुकट मिळत होतं.

हात मागायची सवय तिला सुरुवातीपासून नव्हती. ती लागली मी दहावीत असताना. पहाटेच्या बर्फातून हात काढला की तिची बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी व्हायची, आणि बऱ्याच वेळाने लाल होऊन ठणकायला लागायची. बाजारात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मासे विकणाऱ्या बायांची बोटं बधिर होणं म्हणजे शिंप्याला सुई टोचण्याइतकी साधी गोष्ट. "बर्फ लागला," एवढंच म्हणायचं, मिठाच्या कढत पाण्यात हात बुडवायचे, खोबरेल चोळायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. सगळ्यांनाच बर्फ लागायचा. मावशीला जरा जास्त लागतो, एवढंच सगळ्यांचं म्हणणं होतं. ती स्वतः मात्र शिंगाळा नावाच्या माशाला दोष द्यायची. शिंगाळ्याचा काटा विषारी असतो, आणि तो कधीतरी तिच्या बोटात घुसला होता. "त्यो मेला आत मोडला आनी चढत चाललाय," ती सांगायची. ऊन पाणी हाताशी नसलं की ती समोरच्या माणसाचा हात धरायची. असं ते सुरू झालं.

मग ती तरुण दिसायला लागली.

हे मी चेष्टेने लिहीत नाही. कपाळावरच्या आठ्या गेल्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या गेल्या, गाल तुकतुकीत झाले. उन्हातान्हात बसून रापलेल्या बाईचं कातडं असं चकाकायला लागलं की बाया तोंडाकडे बघतच राहायच्या. शेजारची कोळंबीवाली तिला टोमणे मारायची, की सून यायच्या वेळी सासूच नवरी व्हायला निघालीय. आई घरी येऊन आरशासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "काय लावते कोण जाणे." एका रविवारी तिने धीर करून विचारलंच. मावशी खूश झाली. "खारा वारा लावतंय," म्हणाली आणि हसली. तेव्हा तिचं तोंड पहिल्यासारखं पूर्ण उघडलं नाही. मला ते दिसलं होतं. पण तोंड कमी उघडतं म्हणून कुणी कुणाची काळजी करतं का? उलट ती जरा सभ्य हसायला लागली असं मला वाटलं.

खरं काय ते एका कासारणीमुळे कळलं. मावशीच्या एकुलत्या एक मुलाचं, दामूचं लग्न निघालं आणि तिने आम्हाला हळदीपासून बोलावलं. बाबा आले नाहीत, मी आणि आई गेलो. चुडा भरायला पनवेलची कासारीण आली होती. ही बाई नावाजलेली होती. कितीही जाडजूड हात असो, ती साबण लावून, बोटं दुमडून, अंगठा आत दाबून त्यातून बांगडी अशी काढायची की बाईला कळायचंही नाही. वरमाईचा मान म्हणून मावशीला आधी बसवलं. हातातल्या जुन्या बांगड्या सकाळीच वाढवून टाकल्या होत्या. कासारणीने मावशीचा हात मांडीवर घेतला, पंजा दुमडायला गेली, आणि थांबली.

"हात सैल सोड."

"सोडलाय."

"सोडलेला हात असा नसतो, मावशी."

तिने पुन्हा साबण लावला, पुन्हा दाबलं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं पण हात दुमडला नाही. बोटं जिथल्या तिथे उभी. कासारणीने मोठ्या मापाची बांगडी घेतली, मग त्याहून मोठी, ती बोटांच्या पेरांवरच अडकली आणि तडकली. वाजंत्री बाहेर वाजत होती, आत बाया एकमेकींकडे बघू लागल्या. नवरा जिवंत असलेल्या बाईचे हात मुलाच्या लग्नात मोकळे, याचा अर्थ तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होता. शेवटी कासारणीनेच आपल्या पेटीतून हिरवा दोरा काढला आणि मावशीच्या दोन्ही मनगटांवर गुंडाळून बांधला. मग तिचा हात पदराने पुसत हळूच म्हणाली, "मी आयुष्यभर बायकांचे हात धरलेत. हा आजारी हात आहे. लग्न झालं की डॉक्टरला दाखव."

मावशी त्या लग्नात पदराखाली हात घेऊन वावरली. हिरवा दोरा तिने पुढे कधीच काढला नाही. विटला की नवा बांधून घ्यायची.

पनवेलच्या डॉक्टरांनी तिला हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून दाखवायला सांगितली. तुम्ही-आम्ही ती सहज धरू शकतो. मावशीला ती धरताच येईना, हाडाला चिकटून बसली होती. त्यांनी तिला मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि तिथे आजाराला नाव मिळालं, स्क्लेरोडर्मा. कातडी टणक होत जाणारा आजार. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या त्या तारुण्यामुळे नव्हे, कातडी ताणली गेल्यामुळे. बोटं गारठायची ती नसा आखडल्यामुळे. इतकी वर्षं आम्ही सगळे जिला बर्फ लागला म्हणत होतो आणि तरुण दिसतेस म्हणत होतो, तिचं अंग आतून आवळत चाललं होतं. आईने त्यानंतर कितीतरी दिवस आरशात पाहणं सोडलं होतं.

मी तोवर जीवशास्त्राच्या मागे लागले होते. पुढे मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीला लागले तेव्हा आमच्या सरांनी पुढ्यात दोन-तीन विषय ठेवले. त्यातला एक त्वचेतल्या पेशींचा होता. लोक याला योगायोग म्हणतात. तो योगायोग मी मुद्दाम घडवून आणला होता. घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे शेवटी माशांमुळेच." ते अगदीच चूक नव्हतं.

मी काय करते हे मावशीला समजावून सांगायला एक रविवार गेला. ती मला तोवर डाक्तरीन म्हणायला लागली होती आणि मी डॉक्टर नाही हे तिला पटत नव्हतं. मी तिच्या फळीच्या कडेला बसले आणि सांगितलं, की कातडीच्या आत धागे विणणाऱ्या पेशी असतात. जखम झाली की त्यांना निरोप जातो. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतो, दारावरच्या बेलसारखा. निरोप आला की बेल वाजते, आतली पेशी उठते, धागे विणून जखम बुजवते आणि पुन्हा स्वस्थ बसते.

"जालं फाटलं की आमी शिवतो, तसं."

"तसंच. पण तुझ्या अंगातल्या पेशी थांबत नाहीत. जाळं फाटलेलं नाही तरी शिवत बसल्यात. धाग्यावर धागा."

"आनी बेल कोन वाजवतंय?"

"कधीकधी त्या स्वतःच वाजवतात. निरोपही त्याच सोडतात आणि ऐकतातही त्याच. आम्ही ती बेल बंद कशी करायची ते शोधतोय."

मावशीने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "कामाच्या हायत बिचाऱ्या. बसायचं कवा ते कुनी शिकवलं नाय." आणि लगेच समोरच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

त्यानंतरची वर्षं मला लिहायला आवडत नाहीत, पण ती गाळली तर मावशी अर्धीच उरेल. आजाराने तिचं एकेक घेतलं आणि काय घेतोय हे तिला नीट दिसत होतं. आधी मासे कापायची कोयती गेली. बोटं वाकडी होऊन आत वळली, टोकांना जखमा झाल्या, त्या भरेनात. मग विडा गेला, कारण तोंडात मावेना. काही दिवस कुटून खाल्ला, मग तोही सोडला. जिताड्याचं डोकं हा तिचा जीव की प्राण, काटे चोखत तासभर बसायची. ते जबड्यात धरता येईना. हसणं तर कधी गेलं ते नेमकं सांगता येणार नाही. तोंड आवळून आवळून एवढंसं झालं, ओठ पातळ झाले, आणि एका रविवारी माझ्या लक्षात आलं की सोन्याची दाढ मी कितीतरी महिन्यांत पाहिलेली नाही.

तरी ती बाजारात यायची. दामूच्या बायकोने, रंजनाने, कोयती हातात घेतली होती, आणि मावशी मागे स्टुलावर बसायची. मे महिन्यात, पनवेलच्या घामट उकाड्यात, लोकरीचे हातमोजे, त्यावर प्लास्टिकचे मोजे आणि पायात मोजे घालून. बाहेरचे रिक्षावाले हसायचे. नवऱ्याने, मुलाने, सगळ्यांनी घरी बसायला सांगून पाहिलं. ऐकेल तर ती मावशी कसली. "म्हावऱ्याच्या बाजारात बाई बसलेली दिसली नाय ना, तर तिची जागा पन जाते आनी ती पन जाते," म्हणायची. रंजनाला कापायला शिकवताना तिचा आवाज पूर्वीसारखाच चढायचा, फक्त शब्द आता दातांमधून यायचे. आणि गिऱ्हाईक आलं की हातमोजा काढून म्हणायची, "हात दे गो." पूर्वी गंमत म्हणून द्यायचे ते लोक आता द्यायला कचरू लागले होते. त्यांना वाटायचं हे लागतं. मला अशा माणसांचा फार संताप यायचा. मी एक-दोघींशी भर बाजारात भांडलेही, तर मावशीनेच मला गप्प केलं. "गिऱ्हाईक हाय ते," म्हणाली.

आमच्या कामासाठी रुग्णांच्या त्वचेचा छोटा तुकडा लागायचा, मसुराच्या दाण्याएवढा. दवाखान्यात डॉक्टर तो काढत, अर्थात रुग्णाची संमती असेल तरच. मी मावशीला विचारलं नव्हतं. रंजनाशी सहज बोलले होते, तिच्याकडून मावशीला कळलं आणि तिने मलाच झापलं. "लोकांची कातडी चालते, माजी चालत नाय?" मी म्हटलं, दुखेल, जखम भरायला वेळ लागेल, आणि तुला त्याचा काही उपयोग होणार नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा ऐकलं. "म्हावरा विकतांना आमी कल्ला उचलून दावतो," ती म्हणाली. "आत काय हाय ते बगितल्याशिवाय तुला तरी कसा कलनार?"

तो तुकडा आमच्याकडे आला आणि त्यातून पेशी वाढल्या. मावशीला त्या बघायच्या होत्या. सरांची परवानगी काढून मी तिला आणि रंजनाला प्रयोगशाळेत घेऊन गेले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला तिला मान वाकवता येत नव्हती, म्हणून मी पडद्यावर चित्र लावलं. या पेशी लांबट असतात, दोन्हीकडे निमुळत्या, आणि दाटी झाली की सगळ्या एका दिशेने तोंड करून पडतात. मावशीने एकदाच पाहिलं.

"मांदेली," ती म्हणाली.

आणि खरंच, ओहोटीच्या पाण्यात मांदेलीचा थवा जावा तसंच ते दिसत होतं. इतकी वर्षं अशा पेशी पाहणाऱ्या सरांनीही वाकून पुन्हा पाहिलं. मी तिला उबवण्याचं कपाट दाखवलं, ज्यात या पेशी शरीराइतक्या उबेत ठेवतात. तिने हातमोजा काढून पंजा कपाटाच्या दारावर ठेवला आणि तिथेच उभी राहिली. रंजना म्हणाली, "चला आत्या," तरी हलेना. "ऱ्हाऊदे जरा. माज्यापरीस बऱ्या घरात हायत."

पलीकडे द्रव नायट्रोजनची टाकी होती. कुणीतरी ती तेवढ्यात उघडली आणि पांढरी वाफ फरशीवर उतरली. मावशी झटकन मागे सरली. हात पोटाशी घेतले. मी सांगितलं की पेशी कायमच्या वाढवत ठेवता येत नाहीत, त्या म्हाताऱ्या होतात, म्हणून तरुण असतानाच त्यात गोठवून ठेवायच्या. मग कितीही वर्षांनी बाहेर काढता येतात.

"बर्फात?"

"बर्फाहून कितीतरी गार."

"आनी मरत नाय?"

"नाही. ऊब दिली की पुन्हा जाग्या होतात."

तिने टाकीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. बर्फात ठेवला तो मेला, असं जन्मभर सांगत आलेल्या बाईला मी हे सांगत होते. माझा हात तिने आपल्या दोन्ही पंजांत घेतला. "ठेव मंग. पन मी गेल्यावर. मी हाय तवर उबेत ठेव. मना गार लागतंय गो, त्यांना पन लागत असंल."

पेशींना गार लागत नाही. हे मला कळत होतं, सरांना कळत होतं. मी हो म्हटलं.

सर चिडले. त्यांचं बरोबरच होतं. पेशी सुरुवातीलाच गोठवल्या नाहीत तर त्यांची पिढी पुढे सरकत जाते, वाढ मंदावते, एखाद्या दिवशी बुरशी लागली की सगळंच जातं. "भावना बाहेर ठेव," ते म्हणाले. मी म्हटलं, तिची कातडी आहे, तिने अट घालून दिलीय. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय संपवला. पुढे मी सुट्टीच्या दिवशीही पनवेलहून येऊन त्या पेशींचं पोषक पाणी बदलायचे, तेव्हा त्यांनी कधी हटकलं नाही. एकदा मला ताप होता तर त्यांनी स्वतः बदललं.

त्या पेशींनी मला पुष्कळ शिकवलं. शरीरापासून तोडलेल्या, काचेसारख्या तबकडीत एकट्या पडलेल्या, ना जखम, ना रक्त, ना निरोप आणणारं कुणी, तरी त्या विणत होत्या. मग आम्ही त्यांच्यावर एक औषध टाकून पाहिलं, रिसेप्टरची आतली वाट अडवणारं. म्हणजे बेल वाजली तरी आत ऐकूच जाणार नाही. काही दिवसांनी मोजमाप केलं तर धागे कमी झाले होते. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा कमी झाले. मी आनंदाने वेडी झाले. रविवारी धावत बाजारात गेले आणि सगळं मावशीला सांगून टाकलं.

तिने माझ्याकडे बघितलं. त्या ताणलेल्या चेहऱ्यावर काही उमटत नसे, पण डोळे तिचेच होते.

"मंग मना दे."

मी सांगितलं की हे अजून तबकडीतच आहे, माणसाला चालेल की नाही ठाऊक नाही, हीच बेल अंगात दुसरीकडेही लागते, ती बंद केली तर काय होईल ते आधी पाहावं लागतं.

"कवा?"

"वर्षं लागतील, मावशी."

रंजनाची कोयती थांबली होती. शेजारची कोळंबीवालीही ऐकत होती. मावशीने गोणपाटाचं टोक नीट केलं, हातमोजा परत चढवायला घेतला, तो तिला जमेना म्हणून मी चढवून दिला. "बरं," ती म्हणाली. "माज्या मांदेलींना तरी मिललं."



पुढे आजार फुप्फुसात उतरला. तिथेही तेच विणकाम. जिने चढताना धाप, मग बोलताना धाप, मग बसल्या बसल्या. बाजारातलं स्टूल रिकामं राहू लागलं, पण रंजनाने ते काढलं नाही आणि त्यावर पाटीही ठेवली नाही. मी शेवटची भेटले ती कोळीवाड्यात, तिच्या घरी. नळीतून प्राणवायू चालू होता. अंगावर घोंगडी, त्यावर चादर. मी आत गेल्यावर तिने बोटांनी, त्या वळलेल्या बोटांनी, खूण केली. मी हात दिला. बोलायला दम नव्हता म्हणून थांबत थांबत विचारलं, "उबेत हायत?" मी म्हटलं, "आहेत." तिने डोळे मिटून घेतले आणि माझा हात धरूनच झोपली. मी उठायचा प्रयत्न केला नाही.

ती गेली ते थंडीचे दिवस होते. दामूचा फोन आला आणि आई नि मी गेलो. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई, तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, कपाळभर कुंकू लावलं होतं, आणि हिरवा चुडा भरायचा होता. कुणीतरी बांगड्या आणल्या होत्या. त्या ताटात तशाच होत्या. मेलेल्या माणसाचे हात सैल पडतात म्हणतात, तिचे पडले नाहीत. एका म्हातारीने जोर लावायला हात पुढे केला तशी रंजना म्हणाली, "ऱ्हाऊदे. लय दाबलाय तो हात." तिने नवा हिरवा दोरा घेतला आणि सासूच्या मनगटांना बांधला. मी मावशीच्या पंजावर माझा हात ठेवला. तो नेहमीइतकाच गार होता. फरक असा काही नव्हताच, आणि तेच मला सहन झालं नाही. मी तिथे मोठ्याने रडले.

तिचे दिवस झाल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. पेशी थकल्या होत्या. पूर्वी भराभर दुप्पट व्हायच्या त्या आता कशाबशा सरकत होत्या, आकाराने पसरट झाल्या होत्या. सर म्हणाले, "बघ, जगतील तेवढ्या जगतील." मी त्या कुप्यांमध्ये भरल्या. आमच्याकडे झाकणं रंगीत असतात, मी हिरवी निवडली. एका डब्यात घालून आधी हळूहळू गार केल्या, आणि मग वाफ बाजूला सारत टाकीत सोडल्या. कपाटातली तिची जागा मी पुसून घेतली.

त्याला बरीच वर्षं झाली. आता मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते. मध्यंतरी एका मुलीला तिच्या कामासाठी नेमक्या अशा पेशी हव्या होत्या, आणि मी यादी बघून सांगितलं की आहेत, पण जुन्या आहेत, जागतील याची खात्री नाही. कुपी मीच काढते म्हटलं. गोठवलेली कुपी बाहेर काढली की लगेच कोमट पाण्यात धरायची असते. हातात धरायची नसते, कातडी भाजल्यासारखी होते. हे मी सगळ्यांना ओरडून सांगते. पाण्याचं भांडं शेजारी तयार होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी हातमोजा काढला आणि कुपी दोन्ही पंजांत घट्ट धरून बसले.

माझी बोटं पांढरी पडली. मग निळसर झाली. हिरव्या झाकणाखाली बर्फ हळूहळू सुटत गेला आणि बोटं लाल होऊन ठणकायला लागली. मुलगी घाबरून म्हणाली, "मॅडम, सोडा ना, बर्फ लागेल."

मी म्हटलं, "लागू दे."